खिळे घासणारा मुलगा : जावजी दादाजी आणि आपलं छापील अक्षर



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या शाळेत आता प्रिंटर आलाय, आणि जिथे नाही तिथे जवळचा झेरॉक्सवाला आहेच. चाचणीचा पेपर असो, स्वाध्यायपत्रिका असो की शाळा व्यवस्थापन समितीची नोटीस असो, आपण टाइप करतो, पीडीएफ करतो आणि छापून घेतो. पान बाहेर आलं की मजकूर तपासतो. अक्षराच्या आकाराकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. 'क' हा असाच असतो, 'ळ' हा असाच असतो, असं आपण धरून चाललेलो असतो.

आज ज्यांची ओळख करून द्यायची आहे, त्यांचं आयुष्य अक्षराचा आकार बघण्यातच गेलं. त्यांचं नाव जावजी दादाजी चौधरी. जन्म १८३९, मृत्यू १८९२. मुंबईचा निर्णयसागर छापखाना त्यांचा. चौथी-पाचवीच्या मुलांना 'छापखाना' समजावून सांगताना युरोपातल्या गुटेनबर्गची गोष्ट आपण हमखास सांगतो. जावजींची गोष्ट त्याच्या शेजारी बसवावी अशी आहे, आणि ती आपल्या लिपीची आहे.

पण आधी थोडं आपल्या जिल्ह्यातलं. घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे रामदास स्वामींचं जन्मगाव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. शिक्षकांनी तो एकदा सवडीनं वाचावा, सुंदर हस्ताक्षर स्पर्धेच्या आधी तर नक्कीच. अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं असावं, ओळी सारख्या असाव्यात, काना, मात्रा, वेलांटी, रफार आपापल्या जागी नीट असावेत, एका ओळीचे फराटे दुसऱ्या ओळीत घुसू नयेत, असं त्यात बारकाईनं सांगितलंय. पानाच्या भोवती कोरी जागा सोडायची, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. आणि पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत काढायचं. पान कसं दिसावं याचं इतकं नेमकं वर्णन सतराव्या शतकात करून ठेवलेलं आहे.

हातात लेखणी असली की हे सगळं सरावानं जमतं. शिशाच्या तुकड्यांनी छापायचं म्हटलं की खरी अडचण सुरू होते.

देवनागरी अक्षर तीन मजली असतं. मधल्या मजल्यावर क, ख, ग. शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार, वेलांटीची कमान. खालच्या मजल्यावर उकार, ऋकार. शिवाय जोडाक्षरं आहेतच. इंग्रजीत अक्षरं एकापुढे एक मांडत गेलं की शब्द तयार होतो. आपल्याकडे 'सूर्य' म्हणताना र आधी ऐकू येतो आणि लिहिताना तो य च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'कि' मध्ये क आधी बोलतो, पण वेलांटी त्याच्या आधी काढतो. (पहिलीच्या मुलांचा गोंधळ इथेच होतो, हे तुम्हाला सांगायला नको.) त्यामुळे मराठी छापायला अक्षरांचे शेकडो वेगवेगळे तुकडे लागायचे. या तुकड्यांना छापखान्यात खिळे म्हणत, आणि ते जुळवणाऱ्या माणसाला जुळारी.

जावजींच्या आधी काम झालं नव्हतं असं नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ मध्ये मराठी छपाई सुरू झाली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, मराठी पंचांग छापलं. छापील पोथी विटाळ मानणारे लोक तेव्हा होते, कारण शाईत चरबी असते अशी शंका. गणपत कृष्णाजींनी म्हणून शाईत तूप वापरलं, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. थोडक्यात, मराठी छापलं जात होतं. पण मराठी वाचकाला ते आपलं, सुबक आणि बिनचूक वाटायला अजून वेळ होता.

अशा वेळी मुंबईत जावजी वाढत होता. घरची गरिबी, वडिलांचं छत्र लवकर हरपलेलं, शाळा म्हणावी तशी झालीच नाही. लहान वयात तो अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला. काम होतं खिळे घासण्याचं आणि पगार महिना दोन रुपये.

खिळे घासणं म्हणजे काय ते मुलांना नीट सांगायला हवं, म्हणजे पुढचं समजेल. आधी एक कारागीर पोलादाच्या कांडीच्या टोकावर उलटं अक्षर कोरतो. हा पंच. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की अक्षराचा खोलगट ठसा उमटतो. तो ठसा साच्याच्या तळाशी बसवायचा आणि वरून वितळलेला धातू ओतायचा. धातू म्हणजे शिसं, त्यात अँटिमनी आणि कथील. नुसतं शिसं मऊ पडतं, अँटिमनीनं कडकपणा येतो. धातू थंड झाला की साच्यातून खिळा निघतो, त्याच्या एका टोकाला उलटं अक्षर. पण ओतलेल्या खिळ्याच्या कडांना खरखर राहते. ती घासून काढावी लागते. एक खिळा केसभर जाड राहिला तर ओळ वाकते. एक केसभर उंच राहिला तर छापताना तो कागदात रुततो आणि शेजारचं अक्षर पुसट उमटतं. म्हणजे घासणारा पोरगा कामात सर्वांत खालच्या पायरीवर, पण पानाचा सारखेपणा त्याच्या बोटांवर अवलंबून.

वर्गात दाखवायचं असेल तर बटाटा अर्धा कापा आणि त्यावर 'क' कोरायला सांगा. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळी मुलं सुलटा कोरतात आणि कागदावर उलटा उमटल्यावर हसत सुटतात. मग पंच कोरणाऱ्याचं कसब न सांगता समजतं.

मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचे अक्षरांचे जाणकार होते. त्यांनी देवनागरीचे चांगले छाप घडवले होते. चांगलं अक्षर आणि वाईट अक्षर यातला फरक जावजीला तिथे रोज हाताखालून जाणाऱ्या खिळ्यांतून कळत गेला. पुढे इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा छापखान्यांत त्यांनी कामं केली. हे सगळं शिक्षण पुस्तकाबाहेरचं होतं. आपण ज्याला कृतीयुक्त शिक्षण म्हणतो ते याहून वेगळं काय असतं?

याच काळात त्यांना जोडीदार मिळाला, राणोजी रावजी आरू. राणोजींचा हात पंच कोरण्यात असा होता की त्या काळात त्यांच्या तोडीचे कारागीर मोजकेच असतील. जावजींचं नाव सगळीकडे येतं, राणोजींचं नाव क्वचितच येतं, हे मला खटकतं. निर्णयसागरचं अक्षर म्हणून जे नावाजलं गेलं, ते राणोजींच्या हातून पोलादात उतरलेलं आहे. जावजींनी ते हेरलं, त्याला काम दिलं, कारखाना दिला आणि शेवटपर्यंत सोबत ठेवलं. दोघांपैकी एक नसता तरी हे अक्षर झालं नसतं.

१८६४ मध्ये जावजींनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. लक्षात घ्या, छापखाना नंतर आला, आधी अक्षर. वय पंचवीसच्या आसपास. त्यांचे खिळे इतर छापखाने विकत घेऊ लागले. पाच वर्षांनी, १८६९ मध्ये, निर्णयसागर छापखाना सुरू झाला. मुंबईत काळबादेवी भागातल्या कोलभाट गल्लीचा पत्ता त्यांच्या पुस्तकांवर पुढे कित्येक वर्षं दिसतो. निर्णयसागर पंचांग हे नाव तुम्ही घरातल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलं असेल.

पंचांग छापणं हे साधं काम वाटतं, पण बघा. एका पानावर तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, घटका, पळं. बारीक अक्षर, आकडेच आकडे, उभ्या-आडव्या रेघा. एक आकडा चुकला तर कुणाचा मुहूर्त चुकतो, कुणाची एकादशी चुकते. बारीक असूनही वाचता येणारं अक्षर नसेल तर असं पान उभंच राहत नाही.

त्या तीन मजल्यांची अडचण छापखान्यात कशी सोडवत, तेही सांगते. एक मार्ग असा की मात्रेसकट, उकारासकट अख्खं अक्षर एकाच खिळ्यावर ओतायचं. म्हणजे 'क' वेगळा, 'के' वेगळा, 'कु' वेगळा. पान छान दिसतं, पण खिळ्यांची संख्या भरमसाट होते आणि जुळाऱ्यासमोर खान्यांची भिंतच उभी राहते. दुसरा मार्ग म्हणजे मात्रा, रफार, उकार सुटे ओतायचे आणि अक्षराच्या वर-खाली किंवा शेजारून झुकवून बसवायचे. खिळे कमी लागतात, पण झुकलेला भाग नाजूक असतो. छापताना दाब पडला की तो मोडतो, आणि मोडला की शब्दच बदलतो. 'मेळा' ची मात्रा गेली की 'माळा' सुद्धा उरत नाही, 'मळा' उरतो. अक्षराचा डौल राखायचा, मात्रा जागेवर ठेवायची आणि खिळा टिकाऊही करायचा, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्यात निर्णयसागरचं नाव झालं. निर्णयसागरचं जुनं पुस्तक हातात घेतलं तर अक्षराची जाड-बारीक रेघ बोरूनं लिहिल्यासारखी वळते. धातूतून आलेलं अक्षर असूनही त्यात हाताची चाल आहे.

आता त्यांनी छापलं काय? विद्वानांमध्ये निर्णयसागरचं नाव झालं ते संस्कृत ग्रंथांमुळे. जावजी स्वतः संस्कृतचे पंडित नव्हते. पण पंडितांना कामाला लावण्याची दृष्टी त्यांच्याकडे होती. १८८६ मध्ये 'काव्यमाला' ही मालिका सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी तिचं संपादन केलं. कितीतरी संस्कृत काव्यं तोपर्यंत हस्तलिखितांतच पडून होती. ती पहिल्यांदा छापून, पाठ तपासून, परवडेल अशा रूपात लोकांसमोर आली. संस्कृतात जोडाक्षरं मराठीपेक्षाही अवघड. द्ध, ह्म, क्ष्म्य असे डोंगर. तिथे हे खिळे कसाला लागले आणि उतरले. परदेशातल्या संस्कृत अभ्यासकांच्या टेबलावरही निर्णयसागरच्या प्रती असत.

मला मात्र शिक्षक म्हणून दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' हे मुलांचं मासिक सुरू केलं. ते निर्णयसागरमधून निघत असे. ओक स्वतः शिक्षण खात्यातले. मुलांना समजेल अशा भाषेत चरित्रं, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती देत त्यांनी १९१४ पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत, हे मासिक चालवलं. विचार करा, ज्या छापखान्यात मोठमोठे पंडित प्रुफं वाचत बसलेले, त्याच छापखान्यात मुलांचं मासिक दर महिन्याला तयार होत होतं, आणि अक्षर तेच, तितकंच नीट. मुलांसाठी आहे म्हणून काहीही चालेल, असा हिशेब तिथे नव्हता. स्वतः शाळेत फारसं न बसलेल्या माणसाच्या छापखान्यातून हे बाहेर पडत होतं.

१८९२ मध्ये जावजी गेले. वय त्रेपन्नच्या आसपास. पुढच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तुकाराम जावजी, नंतर पांडुरंग जावजी अशी नावं दिसतात. छापखाना विसाव्या शतकातही बराच काळ चालला.

इथे चरित्र संपतं, पण जावजींची अडचण संपली नाही. ती आपल्या प्रिंटरपर्यंत आलीय, म्हणून थोडं पुढचंही सांगते.

शिशाच्या काळात पान म्हणजे एक जड वस्तू होती. खिळे जुळवून, चौकटीत आवळून तयार झालेला फर्मा दोन्ही हातांनी उचलावा लागे. संगणक आल्यावर पान हे नुसतं वर्णन झालं. १९८२ मध्ये जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी अडोबी कंपनी काढली आणि १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा आणली. ही भाषा माणसांनी बोलायची नाही, संगणकानं प्रिंटरशी बोलायची. या जागी जा, इथे या मापाचं अमुक अक्षर ठेव, इथून तिथपर्यंत रेघ ओढ, हा भाग काळा कर, अशा सूचनांची ती यादी असते. प्रिंटर ती वाचतो आणि ठिपक्यांनी पान भरतो. १९८५ साली आलेला अॅपलचा लेझररायटर एका इंचात ३०० ठिपके टाकायचा. अक्षरही आता धातूचं राहिलं नाही. त्याची कड म्हणजे गणितानं मांडलेली वळणदार रेघ, म्हणून ते कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. १९९३ मध्ये याच घराण्यातून पीडीएफ आलं. आपण रोज पाठवतो तेच.

रामदासांच्या समासातली कोरी कड, सारखी ओळ, जागच्या जागी मात्रा आठवून बघा. वर्णन तेच, आता ते यंत्राला सांगायचंय.

आणि मात्रा अजूनही पडते! मागे एकदा चाचणीचा पेपर तालुक्याच्या गावी छापायला गेला होता. दुकानातल्या संगणकानं फाइल उघडताना आमचा फाँट काढून आपलाच लावला. छापून आलेल्या पेपरात वेलांट्या अक्षरापासून सुटून एका ठिपक्या-ठिपक्यांच्या गोलावर बसलेल्या. पहिलीतल्या एका मुलीनं त्या गोलावर बोट ठेवून विचारलं, बाई, हे कोणतं अक्षर? ती नुकती वाचायला लागली होती. मोठा माणूस अंदाजानं वाचून पुढे जातो, तिला अंदाज कुठून येणार?

असं का होतं, ते जावजींच्या कारखान्यात डोकावून आल्यावर सोपं जातं. युनिकोडमध्ये 'कि' टाइप केलं की संगणक आधी क आणि मग वेलांटी असं साठवतो, बोलतो त्याच क्रमानं. दाखवताना वेलांटी उचलून क च्या आधी नेऊन ठेवायची, रफार पुढच्या अक्षरावर चढवायचा, हे काम फाँट आणि संगणकातली प्रणाली मिळून करतात. पूर्वी हे काम जुळारी हातानं करायचा. प्रणालीला ते जमलं नाही की वेलांटी एकटी पडते आणि तिला आधार म्हणून तो ठिपक्यांचा गोल येतो. जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फाँटची गोष्ट वेगळी. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच मराठीचे तुकडे बसवलेले असत, म्हणून तो फाँट नसलेल्या संगणकावर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांची भेळ होऊन दिसतो.

यावर उपाय साधा आहे. छापायला टाइप केलेली मूळ फाइल देऊ नका, पीडीएफ द्या, आणि पीडीएफ करताना फाँट त्यातच सामावला जातोय ना ते बघा. मग पानाच्या वर्णनाबरोबर अक्षरांचे आकारही प्रवास करतात. परगावच्या छापखान्याला मजकुरासोबत आपले खिळेही पाठवल्यासारखं ते असतं. प्रती काढण्याआधी एक पान छापून स्वतः बघायचं, जोडाक्षरं आणि रफार आधी.

विंडोजमध्ये 'मंगल' नावाचा फाँट तुम्ही पाहिला असेल. तो घडवणारे प्राध्यापक र. कृ. जोशी हेही मराठीच, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे शिक्षक. २००८ मध्ये ते गेले. त्यांच्यावर वेगळा पाठ लिहावा लागेल.

निर्णयसागरची जुनी पुस्तकं आता स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर पीडीएफमध्ये मोफत मिळतात. एखादं उतरवून घ्या, मोबाईलवर नको, शाळेच्या टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर उघडा. एकच ओळ पडदाभर मोठी करा. स्कॅन असल्यामुळे हे पान म्हणजे फोटो आहे, त्यामुळे शिशाच्या खिळ्यानं कागदावर उमटवलेली खरी शाई दिसेल, कुठे दाट, कुठे पुसट. मग मुलांना शोधायला लावा, एकाच पानावरचे दोन 'क' अगदी सारखे आहेत का, मात्रा आणि अक्षर यांच्यात बारीक फट कुठे राहिलीय, कोणतं जोडाक्षर एकाच तुकड्यात ओतलंय. आमच्या चौथीच्या मुलांना पहिल्या दहा मिनिटांत सात फटी सापडल्या.